सोनकच्छमध्ये बसूनही मेन्स लिहिता येते

माळव्यातल्या मराठी घरांत मुलानं किंवा मुलीनं राज्यसेवेचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: इंदूरला कुठे लावायचं? मग भंवरकुआंला खोली बघायची, मेस ठरवायची, कोचिंगचे पैसे भरायचे, आणि वर्षभर कोणी काही विचारायचं नाही. वर्ष सरतं. बॅच संपते, अभ्यासक्रम संपत नाही. अर्थव्यवस्थेचे शेवटचे घटक घाईघाईत उरकलेले असतात, नीतिशास्त्राच्या केस स्टडीला हात लागलेला नसतो, लिहिलेली उत्तरं कुणी तपासून देण्याची वेळ तर आलेलीच नसते. मूल घरी येऊन सांगतं की कोचिंग कमी पडलं. त्यावर काका-मामांपासून मंडीतल्या ओळखीच्यांपर्यंत सगळ्यांचं उत्तर एकच: मग याहून मोठं लाव. इंदूरचं कमी पडलं तर दिल्लीचं. घरी बसून का कुठे असल्या परीक्षा होतात?

होतात. हा सल्ला चुकीचा आहे, महागडा आहे आणि मुलांचं नुकसान करणारा आहे, असं माझं मत आहे. तो प्रेमापोटी दिला जातो हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच तो खोडून काढायला हवा. कारण त्या प्रेमापायी शेतीचा तुकडा गहाण पडतो.

सोनकच्छ हे कालीसिंधच्या काठचं, देवासहून भोपाळकडे जाताना तीसेक किलोमीटरवर लागणारं तहसिलीचं गाव. इथून इंदूरला जाणं सोपं, त्यामुळे इंदूरला पाठवणं हाच अभ्यास असं आम्ही धरून चाललो आहोत. या समजुतीला सगळ्यात मोठा आधार आहे तो कोचिंगच्या फलकांचा. चौकात भलामोठा फलक, त्यावर हसरे चेहरे, प्रत्येकाच्या खाली क्रमांक. निवड झालेले सगळे इथलेच, मग इथे न जाणाऱ्याचं काय होणार, असा हिशोब बापाच्या मनात आपोआप होतो.

हा हिशोब किती पोकळ आहे ते सरकारी चौकशीतूनच बाहेर आलं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं गेल्या काही वर्षांत यूपीएससीच्या अनेक नामांकित कोचिंग संस्थांना दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी दंड केला. त्यांतल्या कितीतरी प्रकरणांत आढळलं ते असं: फलकावरच्या उमेदवारांपैकी बऱ्याच जणांनी त्या संस्थेत फक्त मुलाखतीचा सराव केला होता, तोही पुष्कळदा फुकट. म्हणजे पूर्व परीक्षा आणि मुख्य परीक्षा हे दोन्ही डोंगर ती मुलं आधीच चढून आली होती. संस्थेनं शेवटच्या टप्प्यावर चहा पाजला आणि संपूर्ण चढाईचं श्रेय घेतलं. म्हणूनच 13 नोव्हेंबर 2024 ला प्राधिकरणानं मार्गदर्शक तत्त्वं काढून सांगितलं की निवड झालेल्याचं नाव-छायाचित्र वापरायचं तर निवडीनंतर त्याची लेखी संमती घ्या, आणि त्यानं तुमचा कोणता, किती मुदतीचा अभ्यासक्रम घेतला होता तेही छापा. फलकाकडे बोट दाखवून मुलाला दिल्लीला धाडणाऱ्या प्रत्येक नातेवाइकानं ही एवढी गोष्ट आधी समजून घ्यावी.

आता आकडे बघा. यूपीएससीच्या 2024 च्या नागरी सेवा परीक्षेला 9,92,599 अर्ज आले, 5,83,213 जण पूर्व परीक्षेला बसले, 14,627 मुख्य परीक्षेसाठी पात्र ठरले, 2,845 मुलाखतीपर्यंत पोचले आणि 1,009 जणांची शिफारस झाली. बसलेल्या पावणेसहा लाखांत कोचिंग लावलेले थोडे होते का? उत्तीर्णांत कोचिंगवाले आहेत तसे अनुत्तीर्णांतही आहेत, आणि अनुत्तीर्णांचा फलक कोणी लावत नाही. एवढ्या अरुंद दारातून आत गेलेल्यांकडे पाहून 'कोचिंगमुळे झालं' असं म्हणणं म्हणजे अर्धीच यादी वाचून निकाल देणं.

माझा मुख्य मुद्दा मात्र आकड्यांचा नाही. परीक्षा काय मागते आणि कोचिंग काय देतं, यातच अंतर आहे. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या बहुतेक पेपरांत तीन तासांत वीस प्रश्न असतात. दहा प्रश्नांना दीडशे शब्दांची उत्तरं, दहांना अडीचशेची. बेरीज केली तर चार हजार शब्द, तेही विचार करून, हातानं, सलग. असे चार पेपर, शिवाय निबंध आणि वैकल्पिक विषयाचे दोन. आपल्या मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतही सामान्य अध्ययनाचे चार, हिंदीचा एक आणि निबंधाचा एक असे सहा पेपर लिहावे लागतात. हे लेखन कानांनी शिकता येत नाही. दोनशे मुलांच्या हॉलमध्ये चार-चार तास बसून उतरवून घेतलेल्या नोट्सनी वही भरते. परीक्षेत विचारलेल्या वळणावर ती वही कामाला येत नाही. क्लास सगळ्यांसाठी एका गतीनं चालतो. ज्याला इतिहास येतो त्याचाही वेळ इतिहासात जातो आणि ज्याला विज्ञान येत नाही त्याच्यासाठी कोणी थांबत नाही. हा दोष एखाद्या वाईट संस्थेचा नाही, चांगल्या संस्थेतही तो राहणारच. त्यामुळे क्लास अपुरा पडला यात नवल काहीच नाही. दुसरा क्लास लावला की तोही तिथेच अपुरा पडतो.

उरलेला भाग स्वतः भरून काढायचा म्हणजे काय करायचं, हे एका उदाहरणानं सांगते, कारण 'सेल्फ स्टडी' या शब्दाखाली वाटेल ते खपवलं जातं. विषय घ्या पंचायत राज. कोचिंगच्या नोट्समध्ये एक पान असतं: 73 वी घटनादुरुस्ती 1992, लागू 24 एप्रिल 1993, अकरावी अनुसूची, 29 विषय, महिलांना एक तृतीयांश जागा. पाठ झालं, पुढे चला. स्वतः अभ्यास करणारी मुलगी काय करते? ती संविधानाची हिंदी-इंग्रजी द्विभाषी प्रत उघडते आणि अनुच्छेद 243 पासून 243-ओ पर्यंत मूळ मजकूर वाचते. सरकारच्या संकेतस्थळावर तो फुकट आहे. वाचताना तिच्या लक्षात येतं की ग्रामसभेला कोणते अधिकार द्यायचे ते 243-अ नं राज्याच्या विधिमंडळावर सोडलं आहे, आणि 243-जी मध्येही पंचायतींना अधिकार 'देता येतील' अशी भाषा आहे, 'दिलेच पाहिजेत' अशी नाही. त्या एका क्रियापदात पंचायतींच्या दुबळेपणाचं अर्धं कारण आहे. मग ती राज्याचा 1993 चा पंचायत राज अधिनियम काढते आणि केंद्रानं सोडलेलं राज्यानं किती उचललं ते बघते. 73 व्या दुरुस्तीनंतर पंचायतीच्या निवडणुका सगळ्यांत आधी, 1994 मध्ये, मध्य प्रदेशानं घेतल्या, याचा अर्थ तिला आता लागतो. मग ती सोनकच्छच्या जनपद पंचायतीच्या कार्यालयात जाऊन विचारते की शेवटच्या ग्रामसभेचा ठराव बघायला मिळेल का. इंदूरपलीकडच्या धार जिल्ह्यात कुक्षी, मनावर पाचव्या अनुसूचीत येतात, तिथे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा 1996 चा पेसा कायदा लागू आहे, मग तिथल्या ग्रामसभेचे अधिकार आपल्याहून वेगळे कसे, हा प्रश्न तिला आपसूक पडतो. एका विषयाला चार दिवस गेले, हे खरं. पण त्यावर कसाही प्रश्न आला तरी तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल, आणि ते कोचिंगच्या हॉलमधल्या मुलांच्या उत्तरापेक्षा वेगळं असेल.

'छोट्या गावात माहौल नसतो' हा पुढचा आक्षेप, आणि मला सर्वांत जास्त चीड आणणारा. माझ्या मते आमचा देवास जिल्हा हा या परीक्षेचा उघडा पडलेला ग्रंथ आहे, फक्त तो कोणी वाचायला सांगत नाही. पाण्याचंच घ्या. 1990 मध्ये देवास शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्यामागे नुसता पाऊस नव्हता. बँकांची कर्जं, गावोगाव खोल जाणारे बोअर, सोयाबीननंतर गव्हाला लागणारं पाणी आणि फुकट वाटणारा भूजलाचा साठा, या सगळ्याची ती गोष्ट आहे. मग 2006 च्या सुमारास जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना स्वतःच्याच जमिनीचा काही भाग देऊन तळी खणायला राजी केलं. सुरुवात केली ती मोठ्या शेतकऱ्यांपासून, कारण पाणी सर्वांत जास्त तेच उपसत होते आणि तळ्याचा खर्चही त्यांनाच झेपणार होता. सोनकच्छला लागून असलेल्या टोंकखुर्दमध्ये ही तळी इतकी झाली की गावांची पीकपद्धती बदलली. त्यांना रेवासागर हे नाव पडलं. संयुक्त राष्ट्रांनीही या कामाची दखल घेतली.

आता मुख्य परीक्षेचा विचार करा. भूजलाचं व्यवस्थापन, लोकसहभाग, अनुदानाऐवजी स्वतःची गुंतवणूक, अधिकाऱ्याचं नेतृत्व, बँकेची भूमिका: भूगोल, अर्थव्यवस्था, लोकप्रशासन आणि नीतिशास्त्र अशा चार ठिकाणी हे एकच उदाहरण चालतं. इंदूरच्या हॉलमध्ये बसलेला आमचा मुलगा मात्र जलसंधारणावर उत्तर लिहिताना इस्रायलचं ठिबक सिंचन लिहितो, कारण नोट्समध्ये ते आहे. त्याच्या आजोळच्या गावात तळं आहे, ते कुणी, कधी, का खणलं ते त्याला माहीत नाही. याला मी अभ्यासाचा माहौल म्हणणार नाही. संस्थानांच्या इतिहासाचंही तेच. देवासात पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती एकाच गावात दोन राज्यं चालवत होती, आणि त्याच्या खुणा आजही पायी फिरून बघता येतात. आमच्या मुलांना ते ऐकीव माहीत असतं, अभ्यास म्हणून माहीत नसतं.

आणि ज्या माहौलसाठी आपण त्यांना पाठवतो, त्याचंही तोंड एकदा बघायला हवं. 27 जुलै 2024 च्या संध्याकाळी दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरमध्ये एका कोचिंगच्या तळघरात पावसाचं पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी बुडून मेले. त्या तळघरात वाचनालय चालत होतं. परवानगी होती ती सामान ठेवण्यासाठी. पोरांना तिथे कोणी जबरदस्तीनं नेलं नव्हतं. शांतपणे बसून वाचायला जागा हवी, एवढीच त्यांची गरज होती. ती जागा त्यांना त्यांच्या गावात मिळाली असती तर?

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते मान्य करते. स्वतः अभ्यास करणाऱ्याला साहित्याची वाण नाही. एनसीईआरटीची सहावी ते बारावीची पुस्तकं हिंदीत फुकट आहेत, इग्नूचे पाठ ई-ज्ञानकोशावर आहेत, आर्थिक पाहणी अहवाल दरवर्षी हिंदीतही निघतो, दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाचे पंधरा अहवाल उपलब्ध आहेत, त्यातला शासनातील नीतिमत्तेवरचा चौथा अहवाल तर नीतिशास्त्राच्या पेपरासाठी कोणत्याही गाइडपेक्षा सरस आहे. जुन्या प्रश्नपत्रिका लोकसेवा आयोगच देतो. वाण आहे ती आपलं लिखाण वाचणाऱ्याची. आपण लिहिलेलं बरोबर वाटतं, कारण आपल्याला काय म्हणायचं होतं ते आपल्याला ठाऊक असतं. परीक्षकाला ते ठाऊक नसतं. डिसेंबर 2024 मध्ये इंदूरला राज्य लोकसेवा आयोगाच्या कार्यालयासमोर मुलं कडाक्याच्या थंडीत रात्रभर बसली, तेव्हा त्यांच्या मागण्यांत मुख्य परीक्षेच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका दाखवा अशीही मागणी होती. ती अगदी रास्त आहे. आपलं कुठे चुकलं ते न कळता माणसानं किती वर्षं लिहावं?

गणित आणि तर्कक्षमतेच्या बाबतीतही मी हट्ट धरणार नाही. यूपीएससीच्या पूर्व परीक्षेतला सीसॅटचा पेपर 33 टक्के मिळवून पात्र होण्यापुरता असला तरी तिथेच हुशार मुलं गळतात, आणि ज्याचं गणित आठवीतच तुटलं आहे त्याला शिक्षक लागतोच. त्यानं तेवढ्यापुरता शिक्षक शोधावा. दोन महिने गणिताच्या मास्तरांकडे जाणं वेगळं आणि सहा विषयांचं पॅकेज घेणं वेगळं. त्या पॅकेजवर अठरा टक्के जीएसटीही भरावा लागतो.

महाराष्ट्रातही हेच दुखणं दिसलं. एमपीएससीनं 2022 मध्ये राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरवलं आणि 2023 च्या सुरुवातीला पुण्यात हजारो मुलं रस्त्यावर उतरली. शेवटी ती पद्धत 2025 पर्यंत पुढे गेली. तयारीला वेळ हवा, मराठीत पुस्तकं हवीत, ही त्यांची तक्रार खरीच होती. तरी मला त्यातली भीती जास्त जाणवली: वर्षानुवर्षं सदाशिव पेठेत राहून, क्लास करून, दीडशे शब्दांचं स्वतःचं उत्तर लिहिण्याची सवयच लागली नव्हती. पर्यायापुढचा गोल काळा करायला क्लासनं शिकवलं होतं. पद्धत बदलली आणि शिकवलेलं कामाचं राहिलं नाही. जे स्वतः मूळ पुस्तकं वाचून टिपणं काढत होते, त्यांच्या पायाखालची जमीन तेवढी हलली नाही.

स्वयंअध्ययनाच्या नावानं दुसऱ्या टोकाला जो भाबडेपणा चालतो, त्यालाही माझा तितकाच विरोध आहे. रस्त्याच्या दिव्याखाली शिकलेल्या अधिकाऱ्याच्या गोष्टी सत्कार समारंभात सांगितल्या जातात आणि टाळ्या पडतात. त्या गोष्टींचा उपयोग सोय न करण्याची सबब म्हणून होत असेल तर त्या सांगू नयेत. क्लासनं वचन देऊन अभ्यासक्रम पूर्ण केला नसेल तर 'आता तू स्वतः कर' म्हणून मुलाला गप्प बसवणंही अन्याय आहे. शिक्षण मंत्रालयानं जानेवारी 2024 मध्ये कोचिंगसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी असं सांगितलं आहे. आपल्याकडचे किती पालक ती मागतात? मास्तरांकडे पैसे मागायची लाज वाटते. लाज वाटून घेऊ नका. ते पैसे मुलाच्या पुस्तकांचे आहेत.

सर्वांत जास्त बोलायला हवं ते मुलींबद्दल. आमच्याकडे मुलाला इंदूरला पाठवतात आणि मुलीला सांगतात, तू घरीच कर, तू हुशार आहेस. वरवर हे स्वयंअध्ययनाचं समर्थन वाटतं. प्रत्यक्षात ती सकाळी संविधान उघडते तेवढ्यात हाक येते: घरीच आहेस तर जरा भाजी निवड. घरीच आहेस तर आजीला दवाखान्यात घेऊन जा. घरीच आहेस तर पाहुण्यांचा चहा टाक. भावाच्या अभ्यासाला इंदूरच्या भाड्याचा आकडा असतो, म्हणून त्याला किंमत असते. हिचा अभ्यास फुकट, म्हणून तो कधीही मोडता येतो. तीन तासांचा पेपर तीन तास सलग लिहूनच सरावाचा होतो; वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांतून तो कधीच होत नाही. ज्या घरानं मुलीला घरी अभ्यास करायला सांगितलं, त्या घरानं रोजचे सहा तास तिच्या दाराला कडी लागू द्यायला हवी. आई, तुम्हीच हे करू शकता, म्हणून थेट तुम्हाला सांगते. वडिलांनी त्या वेळेत पाहुणे आणू नयेत. एवढंही जमत नसेल तर मुलीवर विश्वास आहे असं म्हणू नये. तिला घरी बसवणं हा खर्च वाचवण्याचा एक मार्ग आहे असं सरळ म्हणावं.

आणि गावानंही काही करायला हवं. सोनकच्छच्या नगर परिषदेनं रात्री दहापर्यंत उघडी राहणारी एक अभ्यासिका चालवावी. तिथे वीज जाणार नाही, स्वच्छ शौचालय असेल, आणि मुलींना घरी परतताना सोबत मिळेल अशी व्यवस्था असावी. द्विभाषी संविधान, एनसीईआरटीचे संच, मध्य प्रदेश हिंदी ग्रंथ अकादमीची पुस्तकं, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका छापून बांधलेल्या, एवढं तिथे आलं तरी सुरुवात होते. निवृत्त प्राचार्य, वकील, तहसिलीतून निवृत्त झालेले अधिकारी आपल्याकडे आहेतच. त्यांनी सत्काराला येण्याऐवजी रविवारी दोन तास यावं आणि दहा मुलांची एक-एक उत्तरपत्रिका लाल पेनानं तपासावी. चार मुलांनी मिळून गट केला तर तेही एकमेकांचं लिखाण तपासू शकतात. पहिले काही आठवडे शेरे बोथट येतील, मग प्रश्न नीट न वाचता लिहिलेलं उत्तर कुणालाही ओळखू येऊ लागेल. येत्या सोयाबीनच्या पैशातून दिल्लीच्या कोचिंगचा पहिला हप्ता भरायचं ज्या घरात ठरत असेल, त्यांनी तो भरण्याआधी मुलाला मागच्या वर्षीचा एक पेपर घरी, घड्याळ लावून लिहायला सांगावा आणि तो कुणाकडून तरी तपासून घ्यावा. कमी काय पडतंय ते त्या वीस उत्तरांत दिसेल, आणि पैसे कुठे घालायचे की घालायचेच नाहीत, हे मग ठरवता येईल.